एका तांब्याभर पाण्याची गोष्ट

आमच्या साजगावच्या विठोबाला लोक बोंबल्या विठोबा म्हणतात. परगावच्या माणसाला हे नाव सांगितले की तो आधी हसतो आणि मग, देवाची थट्टा तर झाली नाही ना, म्हणून चपापतो. त्याने चपापण्याचे कारण नाही. दिवाळी सरली, भाते कापून झाली, की कार्तिकात आमच्याकडे जत्रा भरते आणि त्या जत्रेत सुक्या बोंबलांचा मोठा बाजार असतो. आगरातली, किनाऱ्यावरची मंडळी माळा घेऊन येतात, घाटमाथ्यावरची माणसे त्या घेऊन जातात. माळकऱ्यांच्या दैवताच्या दारात सुकी मासळी! पण कोकणच्या पायथ्याशी असलेल्या या धाकट्या पंढरीला त्याचे काही वाटत नाही, आणि विठोबालाही वाटत नसावे.

या नावाची आमच्याकडे एक कथाही सांगतात. तुकोबा मिरच्या विकायला घाट उतरून या बाजूला येत. लोकांनी माल उधारीवर घेतला आणि पैशाच्या वेळी हात वर केले. तुकोबा पडले भोळे. मग भक्ताची उधारी वसूल करायला प्रत्यक्ष विठोबाच आला, एकेकाच्या दारात उभा राहून त्याने बोंब ठोकली, आणि निगरगट्ट देणेकऱ्यांनी निमूटपणे पैसे मोजून दिले. इतिहासाच्या कसोटीला ही कथा कितपत उतरेल हा प्रश्न मी इथे काढीत नाही. लहानपणी आजीच्या मांडीवर डोके ठेवून ती ऐकताना मला वाटे, विठोबाने पैसे तर वसूल केले; पण त्या देणेकऱ्यांच्या मनाचे पुढे काय झाले? दारात बोंब झाली म्हणून दिले, की लाज वाटून दिले? आजीपाशी याचे उत्तर नव्हते. ‘झोप आता’ असे ती म्हणे.

हा प्रश्न पुन्हा डोक्यात आला तो मी मास्तर झाल्यावर, एका मुलीमुळे. वर्गात लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी सांगत होतो. सोवळ्यात वाढलेली ही ब्राह्मणाची मुलगी, नवरा ख्रिस्ती झाल्यावरही वर्षानुवर्षे कोणाच्या हातचे पाणी पीत नव्हती आणि पुढे प्यायला लागली, असे मी सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरची मुलगी उठून म्हणाली, ‘‘गुरुजी, तांब्याभर पाणी प्यायला बाईंना एवढी वर्षं का लागली?’’ वर्ग हसला. मीही हसलो आणि घंटा झाली. पण घरी जाताना मला हसू येईना. त्याचे कारण पुढे सांगेन.

लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे गोखले. जन्म १८६८ चा, माहेरचे नाव मनकर्णिका. त्यांच्या आईच्या वडिलांना सत्तावनच्या बंडाच्या धामधुमीत संशयावरून फाशी झाली. त्या धक्क्याने या मुलीच्या वडिलांचे मन असे काही विस्कटले की साऱ्या जगाचा त्यांना विटाळ होऊ लागला. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मुलांनी कोणाला शिवायचे नाही, आणि बायकोने दिवसभर पाण्यात हात घालून बसायचे. लक्ष्मीबाईंनी हे सारे पुढे अशा खेळकरपणे लिहिले आहे की वाचताना हसून पुरेवाट होते. पण जरा थांबून पाहिले म्हणजे कळते की त्या सोवळ्याच्या तळाशी एक फाशीचा दोर लोंबतो आहे. सरकारने घरच्या वडीलधाऱ्या माणसाला नेऊन मारले. त्या सरकारपुढे काही चालत नव्हते. तेव्हा निदान उंबरठ्याच्या आत तरी कोणाला शिवू द्यायचे नाही, एवढेच त्या माणसाच्या हाती उरले. कठोर म्हणून आपण ज्या माणसांना नावे ठेवतो त्यांच्यापैकी कित्येकांची गोष्ट अशीच कुठेतरी भीतीपाशी सुरू होते.

अकरा-बारा वर्षांच्या या मुलीचे १८८० च्या सुमारास नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१ चा. कवी, वक्ता, संस्कृतात तयार, आणि स्वभाव म्हणाल तर वळवाचा पाऊस! आज या गावी, उद्या त्या गावी. घरात काय शिजायचे याची फिकीर नाही, आणि दारी आलेल्या भिकाऱ्याला काय द्यायचे याची मात्र फार. रागही तसाच. बायकोला वाचायला शिकवले ते यांनीच, आणि न सांगता घर सोडून जाऊन तिला रडवलेही यांनीच. पुढे जो मनुष्य प्रेमाची पदे लिहिणार होता, त्याच्या घरच्या माणसाला त्याच्या प्रेमाचा नेम नव्हता.

१८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा निघाल्या, उतरताना त्यांनी नव्या कराराचे पुस्तक हाती ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. त्यांचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. टिळक वाचीत वाचीत डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. शत्रूवर प्रेम करा, आपल्या डोळ्यातले मुसळ आधी पाहा, असे ते प्रवचन. त्यात आणखी एक गोष्ट आहे: देवापुढे दान घेऊन आलास आणि तिथे आठवले की भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर दान तसेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताची मुदत जवळजवळ तंतोतंत भरली.

आता मौज पाहा. ज्या प्रवचनाने देवाच्या आधी भावाकडे जायला सांगितले, ते मानणाऱ्याने बायकोला न विचारता धर्म बदलला. टिळकांना त्यात तळमळ नव्हती असे नाही. पण त्या तळमळीची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. लक्ष्मीबाईंच्या दृष्टीने नवरा जिवंत असून मेला होता. तिने जिवाचे बरेवाईट करू नये म्हणून आप्तांना डोळ्यांत तेल घालून जपावे लागले. लहानग्या दत्तूला घेऊन काही काळ ती नातेवाइकांच्या आश्रयाने पंढरपुरात राहिली. तिथल्या विठोबापुढे उभी राहून ती काय म्हणाली असेल? आमच्या विठोबासारखी तिनेही बोंब ठोकली असती तर कोणी नावे ठेवली नसती. तिने कविता केल्या. दुःखाने अर्धशिक्षित बाईच्या हाती लेखणी दिली, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य; पण त्या घडीला तिला त्या भाग्याशी काय करायचे होते?

बायबलात कठीण हृदयाचा मोठा मासला म्हणजे मिसर देशाचा राजा फारो. एकामागून एक संकटे आली, दर वेळी तो मऊ पडला आणि संकट टळताच पुन्हा पहिल्यासारखा झाला. उलट यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात देव म्हणतो की मी तुमच्यातले दगडाचे हृदय काढून मांसाचे देईन. ख्रिस्ती उपदेशक या दोन्ही गोष्टी वारंवार सांगतात. ऐकणाऱ्याला वाटते की दगडाचे हृदय नेहमी दुसऱ्याचे: फारोचे, मूर्तिपूजकाचे, शेजाऱ्याचे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या एखाद्या उपदेशकाला लक्ष्मीबाईंकडे पाहून असेच वाटले असल्यास नवल नाही. पण त्या घरात दगड दोन होते. एक सोवळ्याचा आणि एक आपण सत्य जाणले या अभिमानाचा. दुसरा ओळखायला अधिक कठीण, कारण तो देवाच्या नावाने वावरतो.

टिळकांच्या बाजूने सांगण्यासारखी गोष्ट ही की त्यांनी दुसरा संसार मांडला नाही आणि बायकोवर जबरदस्ती केली नाही. वादविवादात भल्याभल्यांना लोळवणारा हा माणूस या एका ठिकाणी वाट पाहायला शिकला. पत्रे गेली, भेटी झाल्या, भांडणे झाली. चार-पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नवऱ्याच्या घरी राहायला आल्या, त्या आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊन. एका छपराखाली दोन धर्म, दोन चुली! हे त्या काळच्या हिंदूंना रुचले नाही आणि ख्रिस्ती मंडळींनाही फारसे रुचले नसावे. नगर भागातल्या मंडळीत बहुसंख्य माणसे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेली. त्यांच्या मुलांना लक्ष्मीबाई जवळ बोलावीत, त्यांच्या दुखण्याखुपण्याला धावत. पण पाणी म्हटले की हात मागे.

माणसाच्या मनाची ही गंमत आहे. दया येते, डोळ्यांत पाणी येते, आणि तरीही ओठाशी पाणी येत नाही. दया करणारा वरच्या पायरीवरच उभा राहू शकतो. पाणी मागणाऱ्याला खाली उतरून ओंजळ पुढे करावी लागते.

हा पालट राहुरीच्या मुक्कामात झाला. कोणी प्रवचन करीत नव्हते, कोणी वाद घालीत नव्हते. लक्ष्मीबाई एकट्याच विचार करीत बसल्या होत्या. जात देवाने केली की माणसाने, असा प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला. पशूंच्या जाती दिसायला निराळ्या, पक्ष्यांच्या निराळ्या. माणसे मात्र सारी सारखीच जन्मतात आणि सारखीच मरतात. मग हे मधले काय? त्यांनी ठरवले की आजपासून कोणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. ध्यानात घेण्यासारखे हे की हे बाप्तिस्म्याच्या आधी घडले. जात गेली ती आधी, धर्म बदलला तो मागाहून. १९०० मध्ये लक्ष्मीबाईंचा आणि दत्तूचा बाप्तिस्मा झाला. ज्यांची जात बाप्तिस्म्याच्या पाण्यानेही गेली नाही अशी ख्रिस्ती घराणी आपल्या मुलुखात कमी नाहीत. सोयरिकीच्या वेळी ती बरोबर वर येते. तेव्हा लक्ष्मीबाईंचे उलटे गणित मला फार मोलाचे वाटते.

‘एवढी वर्षं का लागली?’ असे त्या मुलीने विचारले होते. मला वाटते, वर्षे लागली म्हणूनच ते टिकले. पुढे दुष्काळात उघडी पडलेली पोरे या घरात आली, त्यांना न्हाऊ-माखू घालून जेवायला बसवणारी बाई तीच. अहमदनगरला बालकवी ठोमरे त्यांच्या घरी राहिले. १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात नावाजलेला हा हळवा, हट्टी, पोरकट मुलगा हिंदूच राहिला आणि लक्ष्मीबाईंनी त्याला पोटच्या पोरासारखे सांभाळले. ५ मे १९१८ रोजी भादलीच्या स्टेशनावर रुळांवर त्याचा अंत झाला, तेव्हा त्या घरात सुतक नव्हते एवढेच. दुःख घरच्याच माणसाचे होते.

आणि टिळक? ते ख्रिस्ती झाले, उपदेशक झाले, ‘ज्ञानोदया’त लिहू लागले, पण त्यांचेही मन एकदा वितळून भागले नाही. गोऱ्या मिशनऱ्यांच्या मोठेपणाविषयी त्यांच्या मनात अढी होती आणि ती अगदीच निराधार नव्हती. ख्रिस्त आपल्याकडे आला तो साहेबी पोशाखात, आपले लोक त्याला ओळखणार कसे, असे ते विचारीत. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी पोचलो, ही त्यांची आवडती भावना होती. म्हणून त्यांनी उपासनेत टाळ-मृदंग आणला, अभंग आणला, कीर्तन आणले. त्यांची पदे मराठी देवळांतून आजही गातात. मिरच्या विकणाऱ्या ज्या तुकोबाची गोष्ट आमची आजी सांगे, तोच इथे दुसऱ्या वाटेने भेटतो याचे मला अप्रूप वाटते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही तिथे ख्रिस्ताचे म्हणून बंधुभावाने यावेत असा त्यांचा बेत. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचा अंत झाला आणि बेत अर्धाच राहिला.

याच काळातल्या दुसऱ्या बाईची वाट आमच्या कर्जतवरून गेली आहे. पंडिता रमाबाईंनी मुंबईत १८८९ मध्ये काढलेले शारदासदन पुढच्याच वर्षी पुण्याला हलवले. घाट चढायला आगगाडीला मागून जोर लागतो. आजही बहुतेक गाड्यांना त्यासाठी कर्जतला जादा इंजिने जोडतात. रमाबाईंच्या मागे असा जोर कोणाचा होता? आईबाप दुष्काळात गेले, भाऊ गेला, नवरा दोन वर्षांतच गेला. पदरी एक मुलगी, आणि विद्वत्ता अशी की कलकत्त्याच्या पंडितांनी ‘सरस्वती’ पदवी दिली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तिथल्या भगिनींशी त्यांचा पत्रांतून जो वाद चाले, तो वाचला म्हणजे हसू येते. त्या बिचाऱ्या म्हणत, विश्वास ठेव. या म्हणत, आधी पटवून द्या.

पुढे रमाबाईंनी स्वतःच कबूल केले की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना उमगले, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळालाच नाही. एवढी विदुषी, एवढे कार्य, आणि आतून कोरडी! याच सुमारास त्यांनी विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाद्रीचे आत्मचरित्र वाचले. हे गृहस्थ कॉर्नवॉलमध्ये कित्येक वर्षे उपदेश करीत होते. १८५१ मध्ये एका रविवारी उपदेश करता करता त्यांना स्वतःचेच शब्द लागले आणि त्या दिवशी पहिल्याने पालट झाला तो उपदेशकाचा! मास्तरकीचा धंदा करणाऱ्या मला ही गोष्ट फार झोंबते. आम्हीही फळ्यापाशी उभे राहून रोज मुलांना सदुपदेश करतो.

रमाबाईंचे मन मऊ झाले त्याची खूण त्यांच्या लिखाणापेक्षा त्यांच्या कामात दिसते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. लहानपणी आपण भोगलेली उपासमार त्यांनी तिथे पुन्हा पाहिली, आणि शेकडो मुली घेऊन त्या परतल्या. केडगावचे मुक्तिसदन त्यांतून उभे राहिले. शारदासदनात येत त्या बहुतेक वरच्या जातींच्या विधवा. इथे सोवळ्याओवळ्याला जागाच उरली नाही. १९०५ मध्ये तिथे प्रार्थनेची लाट उसळली, मुली आपले अपराध सांगत रडू लागल्या, त्याची वार्ता जगभर गेली. त्या रडण्याविषयी नाना मते आहेत. मी गेलो नव्हतो, पाहिले नाही. मला त्यापेक्षा ती मुलींची छापखान्यातली रांग डोळ्यांपुढे येते. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवले आणि ते याच मुलींच्या हातून छापून निघाले. १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमा गेली, १९२२ च्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मनाला घट्टे पडायला याहून अधिक काय हवे होते? पण काम थांबले नव्हते.

लक्ष्मीबाईंनी आपल्या आठवणी सांगितल्या त्या मुलासाठी. देवदत्ताला वडिलांचे चरित्र लिहायचे होते, त्याला साहित्य हवे होते. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि लोकांनी पाहिले की चरित्र राहिले बाजूला, आईनेच पुस्तक लिहून टाकले. त्या पुस्तकात नवऱ्याचा संताप आहे, परक्यांची निंदा आहे, स्वतःची फजिती तर पानोपानी आहे. पण कुठे डूख नाही. जिने एवढे भोगले तिला कोणाचा तरी सूड घ्यावासा वाटायला हवा होता. ती हसते. १९३६ च्या फेब्रुवारीत त्या गेल्या.

आता वर्गातल्या त्या मुलीचा प्रश्न मला का लागला ते सांगतो. माझा एक चुलतभाऊ आहे. आमच्या दोघांच्या भातखाचरांमध्ये एक बांध आहे, हातभर रुंदीचा. अकरा वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात तो बांध कोणी सरकवला यावरून बोलाचाली झाली. मोजणी झाली, पंच झाले, बोंबही पुष्कळ झाली. बांध जागेवर आला. पण त्या दिवसापासून मी त्याच्या घरचे पाणी प्यालो नाही आणि त्याने माझ्या. लग्नकार्यात भेटतो, ‘काय, बरं आहे ना?’ म्हणतो. जत्रेत तो बोंबलांच्या माळा पाहत असतो, मी दुसऱ्या बाजूने वळतो. वहिनीने दोनदा पेला पुढे केला होता. ‘आत्ताच घेतलं,’ असे मी म्हणालो.

वर्गातल्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी काही उत्तर दिले नाही. तिनेही पुन्हा विचारले नाही. मुलांना इतर उद्योग असतात.

सध्या आमच्याकडे भातकापणी चालू आहे. भाऊ सकाळपासून त्याच्या खाचरात असतो, दुपारी वहिनी भाकरी आणि पाण्याचा हंडा घेऊन बांधावर येते. यंदा दिवाळीलाही ऊन चटका देणारे आहे. उद्या शाळेला सुट्टी आहे, आणि माझे खाचर त्याच्या शेजारीच आहे. घरून पाणी न्यायचे नाही एवढे मी ठरवले आहे.